'ईच', 'नीदर', 'एव्हरीवन' आणि आपला 'पैकी' : इंग्रजी क्रियापदाचे वचन कोण ठरवते?

कोपरीकर

ठाण्यातल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी बँकेच्या आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकवतो. वाक्यातील चूक शोधण्याच्या प्रश्नांत त्यांचे गुण जिथे हमखास जातात, ती जागा आता ओळखीची झाली आहे. कर्त्याच्या जागी 'ईच', 'ईदर', 'नीदर', 'वन' यांसारखे अनिश्चित सर्वनाम आले की क्रियापद एकवचनी घ्यावे की अनेकवचनी, यावर सगळा वर्ग दुभंगतो. 'ईच ऑफ द मेंबर्स हॅव पेड' हे वाक्य बहुतेकांच्या कानाला खटकत नाही. नियम विचारला तर मात्र तो घडाघडा म्हणून दाखवतात. म्हणजे नियम ठाऊक नसणे हे काही या चुकीचे कारण नव्हे.

माझ्या मते येथे पदांचा क्रम नडतो. मराठीत आपण 'सभासदांपैकी प्रत्येक जण हजर होता' असे म्हणतो. अनेकवचनी 'सभासद' आधी येऊन बाजूला होतात आणि एकवचनी 'प्रत्येक जण' क्रियापदाच्या जवळ राहतो, त्यामुळे 'हजर होते' असे आपण चुकूनही म्हणत नाही. इंग्रजीत हाच मजकूर उलट्या क्रमाने येतो. 'ईच' सुरुवातीला बसतो, 'मेंबर्स' क्रियापदाला चिकटून उभे राहतात आणि आपण शेजाऱ्यालाच यजमान समजतो. म्हणून मी मुलांना सांगतो की 'ऑफ' दिसला की मनात त्या वाक्याचा 'पैकी' करून पाहावा. 'पैकी' नंतर जे उरते, ते क्रियापदाचे वचन ठरवते. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन तुर्भे' म्हणजे माझ्या मित्रांपैकी एक तुर्भ्याला राहतो. येथे 'राहतात' कोणी म्हणणार नाही.

याची दुसरी बाजू अशी की काही ठिकाणी 'पैकी' नैसर्गिकपणे येतच नाही. 'मोस्ट ऑफ द वॉटर' याचे 'पाण्यापैकी बहुतेक' होत नाही, सरळ 'बहुतेक पाणी' होते. 'मोस्ट ऑफ द पीपल' म्हणजे 'बहुतेक लोक'. अशा वेळी मराठीत तो शब्द नामाचे विशेषण होतो आणि क्रियापद नामाकडे पाहते : पाणी गेले, लोक गेले. इंग्रजीतही नेमके तसेच घडते. 'मोस्ट ऑफ द वॉटर हॅज गॉन', पण 'मोस्ट ऑफ द पीपल हॅव गॉन'. 'सम', 'ऑल', 'एनी', 'मोस्ट' आणि 'हाफ' हे शब्द या गटात येतात. अर्धी इमारत रिकामी आहे, अर्ध्या इमारती रिकाम्या आहेत. 'हाफ ऑफ द बिल्डिंग इज', 'हाफ ऑफ द बिल्डिंग्ज आर'.

ही कसोटी कुठे तुटते हे मला येथील जाणकारांकडून तपासून घ्यायचे आहे. शिवाय शब्दसंग्रह वाढवण्याच्या कामाशी हिचा काही सांधा जुळतो का, यावरही बोलावे, कारण मुले व्याकरण आणि शब्द यांच्या दोन निरनिराळ्या वह्या ठेवतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे त्यांना वाटत नाही.

शंकासुर

कोपरीकर, कसोटी छान आहे, पण पहिल्याच पायरीवर तिला ठेच लागते. 'एव्हरीवन' चे काय करायचे? मराठीत आपण सहज म्हणतो की सगळे आले आहेत. त्यावरून इंग्रजीत 'एव्हरीवन हॅव कम' होणार आणि ते चूक आहे. येथे तुमची मराठीच मुलाला खड्ड्यात घालते.

'नीदर' चेही तसेच. दोन मित्रांना बोलावले आणि दोघेही आले नाहीत, असे सांगताना मराठी माणसाच्या तोंडी आपोआप 'आले नाहीत' हे अनेकवचन येते. त्याचे 'नीदर ऑफ देम हॅव कम' झाले तर दोष कोणाचा?

कोपरीकर

दोन्ही आक्षेप रास्त आहेत आणि दोन्हींवर उत्तर एकच आहे : मराठीत एका आशयाला दोन रचना उपलब्ध असतात आणि आपण सोयीची उचलतो. 'दोघेही आले नाहीत' याच्या शेजारी 'दोघांपैकी एकही आला नाही' हे वाक्यही तितकेच मराठी आहे. 'नीदर' चा खरा जोडीदार हा 'पैकी एकही' आहे. 'दोघेही' हा 'बोथ' चा जोडीदार असून तो इंग्रजीतही अनेकवचनीच आहे. 'बोथ', 'फ्यू', 'मेनी' आणि 'सेव्हरल' यांबाबत कधी गोंधळ होत नाही, म्हणून त्यांच्यावर वेळ घालवू नये.

'एव्हरीवन' साठी 'सगळे' ऐवजी 'प्रत्येक जण' घ्यावा लागतो, हे मान्य. शब्दाच्या पोटातच 'वन' बसलेला आहे आणि 'एव्हरीबडी' मध्ये 'बडी' आहे, एवढे दाखवले की बहुतेकांना पुरते. 'समवन', 'एनीबडी', 'नोबडी' यांना मराठी तितकी फसवत नाही, कारण 'कोणीतरी आले आहे' आणि 'कोणीही आले नाही' अशी आपली वाक्ये एकवचनीच असतात. 'आले' हे रूप लेखी मराठीत पुल्लिंगी अनेकवचनाचेही असते आणि नपुंसकलिंगी एकवचनाचेही, पण शेजारचा 'आहे' संशय ठेवत नाही.

जुना_मास्तर

नौपाड्यात राहतो. शाळेत इंग्रजी आणि मराठी या दोन्ही विषयांचे अध्यापन करून निवृत्त झालो. कोपरीकरांनी क्रमाचे कारण दिले आहे ते बरोबर आहे, परंतु त्याच्याखाली आणखी एक कारण आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मराठीत क्रियापद कर्त्याशीच जुळते असे नाही. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली', 'रामाने आंबे खाल्ले' या तीनही वाक्यांत कर्ता राम आहे आणि क्रियापद मात्र आंब्याच्या व पोळीच्या मागे धावते, कारण हा कर्मणी प्रयोग आहे. मराठी भाषकाच्या डोक्यात लहानपणापासून जो हिशेब पक्का झालेला असतो, तो असा की ज्या नामाला विभक्तीचा प्रत्यय लागलेला नाही, त्याच्याकडे क्रियापदाने पाहावे. 'रामाने' ला प्रत्यय आहे, म्हणून तो बाद झाला. 'सभासदांपैकी' मध्ये 'सभासद' चे 'सभासदां' असे सामान्यरूप झाले आहे, म्हणून तोही बाद झाला. नाम बाद झाल्याची खूण मराठीत त्या नामाच्या अंगावरच दिसते.

इंग्रजीत ही खूण नाही. 'ऑफ द मेंबर्स' मधला 'मेंबर्स' आणि 'द मेंबर्स हॅव कम' मधला 'मेंबर्स' हे दिसायला अगदी एकच आहेत. शब्दयोगी अव्ययाचे काम करणारा 'ऑफ' नामाच्या आधी सुटा उभा असतो आणि नामाचे रूप तसेच राहते. त्यामुळे मराठी मुलाला ते नाम प्रथमेत असल्यासारखे वाटते आणि तो त्याच्या वचनाप्रमाणे क्रियापद लावून मोकळा होतो. म्हणून मी वर्गात 'ऑफ' पासून पुढच्या नामापर्यंतचा भाग पेन्सिलीने अधोरेखित करायला लावत असे आणि हे सामान्यरूप आहे असे समजा, असे सांगत असे. इंग्रजी व्याकरणात या नावाचे काही नाही, पण मराठी मुलाला ते तत्काळ कळते.

हा सापळा केवळ आपल्यासाठीच आहे असेही समजू नये. कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली याच प्रकारच्या चुकांवर प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा लोकांना 'द की टू द कॅबिनेट्स' यासारखी सुरुवात देऊन वाक्य पूर्ण करायला सांगितले, तेव्हा त्यांच्याही तोंडून मधूनमधून 'वॉज' ऐवजी 'वेअर' निघाले. उलट बाजूने, म्हणजे मुख्य नाम अनेकवचनी आणि मधले एकवचनी असेल तेव्हा, तशी चूक क्वचितच होत होती. मधल्या अनेकवचनाची ओढ जबर असते, एकवचनाची नसते.

पाव_गुण

सर, सामान्यरूपाची युक्ती आजच वहीत लिहून घेतली. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो, म्हणून हे नाव घेतले आहे.

माझी अडचण वेगळी आहे. आम्हाला शाळेत असे शिकवले होते की 'एस' एकदाच येतो, नामाला लागला तर क्रियापदाला नाही आणि क्रियापदाला लागला तर नामाला नाही. 'बॉय रन्स', 'बॉईज रन'. आता 'ईच ऑफ द मेंबर्स पेज' या वाक्यात 'मेंबर्स' लाही 'एस' आणि 'पेज' लाही 'एस'. माझा हात ते लिहायला धजतच नाही.

दुसरा प्रश्न 'नन' चा. 'नन ऑफ द स्टुडंट्स हॅज' की 'हॅव'? एका शिकवणीत एक सांगतात, दुसरीत दुसरे.

जुना_मास्तर

'एस एकदाच' ही युक्ती दोन शब्दांच्या वाक्यापुरती आहे. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये तिसरे नाम शिरले की ती सोडून द्यावी, कारण नेमक्या त्याच जागी ती उलटे उत्तर देते. क्रियापदाचा हा 'एस' मुळात उत्तर इंग्लंडच्या बोलींतला. दक्षिणेत त्या जागी 'एथ' प्रत्यय होता आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत उत्तरेच्या 'एस' ने त्याला हळूहळू बाजूला सारले. नामाच्या अनेकवचनाच्या 'एस' शी त्याचे काही नाते नाही, दोघांचे रूप सारखे निघाले एवढेच.

आता 'नन'. जुन्या इंग्रजीत 'नाही' आणि 'एक' हे शब्द जोडून तो तयार झाला, म्हणून तो एकवचनीच असला पाहिजे, असा युक्तिवाद अनेक जुनी व्याकरणे करतात. परंतु व्युत्पत्तीवरून वापर ठरत नाही. जुन्या इंग्रजीपासून आजपर्यंत 'नन' दोन्ही वचनांत वापरला गेला आहे आणि आजचे प्रतिष्ठित कोश मोजता येणाऱ्या नामांसोबत दोन्ही रूपे मान्य करतात. 'एकही नाही' असा भर असेल तर एकवचन, 'कोणीच नाहीत' असा भाव असेल तर अनेकवचन. न मोजता येणारे नाम असेल तर मात्र एकवचनच : 'नन ऑफ द मिल्क वॉज लेफ्ट'.

परीक्षेपुरते सांगायचे तर 'नन' असलेल्या वाक्यात आधी बाकीचे सर्व भाग तपासावेत. प्रश्न नीट काढलेला असेल तर चूक बहुधा दुसरीकडे असते. दुसरीकडे काहीच सापडले नाही आणि 'नन ऑफ द स्टुडंट्स हॅव' एवढाच संशयास्पद भाग उरला, तरच प्रश्नकर्ता जुन्या वळणाचा आहे असे धरून चालावे.

ऐरोली_स्लो

कचेरीतील पत्रव्यवहाराच्या बाजूने थोडे लिहितो. आमच्याकडे दिवसभर इंग्रजी ईमेल लिहिली जातात आणि त्यांत 'ईच' चा आणखी एक प्रकार येतो, ज्यावर येथे कोणी बोललेले नाही. 'ईच' कर्त्याच्या आधी न येता नंतर आला तर क्रियापद अनेकवचनी राहते. 'द मेंबर्स ईच हॅव अ की'. ईमेलमधले व्याकरण तपासणारी संगणकीय साधने येथे कधी बरोबर सुचवतात, कधी नाही, म्हणून लिहिणाऱ्याला स्वतःला कळलेले बरे.

येथे कोपरीकरांची कसोटी वेगळ्या रूपात चालते असे मला दिसते. मराठीत 'प्रत्येक' आणि 'प्रत्येकी' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'मुले प्रत्येकी दहा रुपये देतात' या वाक्यात कर्ता मुले आहे, 'प्रत्येकी' हे केवळ वाटणी सांगते. म्हणून 'द बॉईज ईच पे टेन रुपीज'. जिथे 'प्रत्येकी' बसते तिथे अनेकवचन, जिथे 'प्रत्येक जण' बसतो तिथे एकवचन. इंग्रजीने या दोन कामांसाठी एकच शब्द ठेवला आहे.

आणि 'देअर' चा प्रश्न. नवी मुंबईतल्या एका गृहसंकुलाच्या फलकावर मी 'ईच ऑफ द मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू पे देअर मेंटेनन्स' असे वाचले. एका सभासदाने त्यावर पेनाने दोन दुरुस्त्या केल्या होत्या. 'आर' चे 'इज' केले ते योग्यच. 'देअर' चे 'हिज' केले, ते आवश्यक होते का?

शंकासुर

आवश्यक नव्हते, आणि सभासदांत स्त्रियाही असणार, म्हणून ते योग्यही नव्हते. एका अनिश्चित व्यक्तीसाठी 'दे' आणि 'देअर' वापरण्याचे दाखले इंग्रजीत चौदाव्या शतकापासून मिळतात. 'एव्हरीवन हॅज डन देअर वर्क' यात क्रियापद एकवचनी आणि सर्वनाम अनेकवचनी दिसते, हे विसंगत वाटते खरे, पण 'यू' कडे पाहा. एका माणसाला उद्देशूनही आपण 'यू आर' असेच म्हणतो, कारण 'यू' मुळात अनेकवचनी होता. कोणी 'यू इज' करायला निघत नाही.

मराठीला हा त्रास नाही. 'प्रत्येकाने आपापली रक्कम भरावी' या वाक्यात 'आपापली' हे रकमेच्या लिंगाप्रमाणे चालते, भरणारा पुरुष आहे की स्त्री हे त्याला विचारावे लागत नाही.

एक कबूल करतो की सामान्यरूपाच्या मुद्द्यानंतर माझा मूळ आक्षेप बराच सौम्य झाला आहे. तरी 'मेनी अ' आणि 'मोअर दॅन वन' यांवर कसोटी चालवून दाखवा. 'मेनी अ पॅसेंजर हॅज' म्हणजे कित्येक प्रवासी आहेत. 'मोअर दॅन वन पॅसेंजर हॅज' म्हणजे एकाहून अधिक प्रवासी आहेत. मराठी दोन्हीकडे अनेकवचन सांगते आणि इंग्रजी दोन्हीकडे एकवचन घेते.

कोपरीकर

नाही चालत. या दोन रचनांत इंग्रजी क्रियापद अर्थाकडे न पाहता शेजारच्या एकवचनी नामाकडे पाहते, म्हणून त्या तशाच पाठ कराव्यात. 'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ' या जोडीला मात्र कसोटी सुंदर चालते. 'अनेक प्रवासी उतरले' यात प्रवासी प्रथमेत आहेत, म्हणून 'अ नंबर ऑफ पॅसेंजर्स हॅव'. 'प्रवाशांची संख्या वाढली आहे' यात प्रवासी सामान्यरूपात गेले, म्हणून 'द नंबर ऑफ पॅसेंजर्स हॅज'.

सानपाडा_सखी

माझी मुलगी मराठी शाळेत सेमी-इंग्रजी तुकडीत आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आहे, त्यामुळे तिच्याकडे शब्द माझ्याहून लवकर आले. पण ते शब्द यादीच्या रूपात आले आहेत : एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. परवा तिने 'माय हेअर आर लाँग' असे लिहिले. केस लांब आहेत, म्हणून 'आर', असे तिचे स्पष्टीकरण. मराठीप्रमाणे ते बिनचूक होते.

धाग्याच्या सुरुवातीला शब्दसंग्रहाचा जो प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर मला येथेच दिसते. 'मोस्ट ऑफ', 'सम ऑफ' यांच्यापुढे क्रियापद कोणते हे नामावरून ठरणार असेल, तर त्या नामाचे इंग्रजीतले वचन ठाऊक असलेच पाहिजे, आणि ते मराठी अर्थावरून कळत नाही. 'न्यूज' म्हणजे बातम्या, पण 'द न्यूज इज'. सल्ले अनेक असतात, पण 'अॅडव्हाइस' ला अनेकवचन नाही. उलट बाजूने, आपला चष्मा एकच असतो आणि इंग्रजीत 'ग्लासेस आर' म्हणावे लागते. कात्री, पँट यांचेही तसेच : 'सिझर्स आर', 'ट्राउझर्स आर'. मग 'सम ऑफ द न्यूज वॉज गुड' हे वाक्य केवळ नियम पाठ करून कसे जमणार?

ऐरोली_स्लो

या यादीत कचेरीचे शब्द घाला : 'इक्विपमेंट', 'सॉफ्टवेअर', 'फीडबॅक', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज'. यांतल्या प्रत्येकाला 'एस' जोडलेला मी रोज वाचतो. गंमत अशी की 'माहिती', 'सामान' आणि 'फर्निचर' हे मराठीतही आपण मोजत नाही, दोन माहित्या असे कोणी म्हणत नाही. तरीही इंग्रजी लिहिताना 'इन्फर्मेशन्स' होते. येथे मराठीला दोष देता येणार नाही. 'ऑल द इक्विपमेंट हॅज बीन चेक्ड' हे योग्य, आणि मोजायचेच असेल तर 'टू पीसेस ऑफ इक्विपमेंट हॅव बीन चेक्ड', कारण आता 'पीसेस' कर्ता झाले. 'पोलीस' हा याच्या उलट : 'द पोलीस हॅव अराइव्ह्ड', एकवचन कधीच नाही. 'स्टाफ' ब्रिटिश वापरात दोन्ही चालतो. 'डेटा' सुद्धा.

जुना_मास्तर

सानपाडा_सखी यांनी अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. शब्दांच्या याद्यांविषयी थोडी माहिती देतो, कारण बाजारात दहा हजार शब्द शिका असे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत आणि मुले वर्णानुक्रमाने ती पाठ करू लागतात.

मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी अविभाजित बंगालमध्ये, ढाक्याला नोकरी करत असताना तेथील मुलांच्या इंग्रजी वाचनाकडे पाहून अशा मतावर आले की आधी थोडे परंतु वारंवार लागणारे शब्द पक्के केले पाहिजेत. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २,००० शब्दांची सूची प्रसिद्ध केली, ती जगभर वापरली गेली. तिच्या पुढची पायरी म्हणून २००० साली अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी उच्च शिक्षणाच्या लेखनात आढळणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची सूची केली. एक शब्दकुटुंब म्हणजे 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह', 'इनडिसायसिव्ह' असा मेळावा. न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली असा हिशेब मांडला की वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोशाच्या मदतीवाचून वाचायची, म्हणजे मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत असे धरले, तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात. बोलणे समजण्यासाठी सहा ते सात हजार पुरतात.

या आकड्यांवरून मी काढलेला अर्थ असा की पहिल्या दोन-तीन हजार शब्दांवर घालवलेला वेळ सर्वाधिक फळ देतो आणि ते शब्द वरवर ओळखीचे असून भागत नाही. 'हेअर', 'न्यूज', 'पोलीस', 'वर्क', 'पीपल' हे सगळे त्याच पहिल्या टप्प्यातले आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलाला 'युबिक्विटस' चा अर्थ येतो आणि 'द पीपल इज' लिहून तो गुण घालवतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. दुर्मीळ शब्दांचा सोस मला तरी अनाठायी वाटतो.

पाव_गुण

सर, मग वही कशी ठेवावी? मी कार्डे करतो. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. ठाणे ते वाशी प्रवासात ती चाळतो. जे येतात तेही रोज आणि जे येत नाहीत तेही रोज.

जुना_मास्तर

रोज सगळीच चाळू नका. हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आठवण सुरुवातीला झपाट्याने गळते आणि मग गळतीचा वेग मंदावतो, हे त्यांतून पुढे आले. अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या उजळणीपेक्षा अधिक टिकते, हेही. याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७०च्या दशकात कार्डांसाठी कप्प्यांची पद्धत सांगितली. आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी समोर येते, न आलेले कार्ड पहिल्या कप्प्यात परत येते. मोबाइलवरची बहुतेक शब्द-ॲप्स याच कल्पनेची सुधारलेली रूपे आहेत. तुमच्याकडे खोके नसेल तर रबराने बांधलेले तीन गठ्ठे पुरतील.

कार्डावर काय लिहावे, हे त्याहून महत्त्वाचे. सुटा शब्द लिहू नये. नाम असेल तर क्रियापदासह लिहावे : 'द न्यूज इज', 'द पोलीस आर', 'हर हेअर इज', 'माय ग्लासेस आर'. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या इंग्रजी कोशांत प्रत्येक नामापुढे 'सी' किंवा 'यू' हे अक्षर असते, मोजता येणारे आणि न येणारे. ते पाहिल्याशिवाय कोश मिटू नये. काही नामांपुढे दोन्ही असतात. 'वर्क' हे काम या अर्थी न मोजता येणारे आहे आणि कलाकृती या अर्थी मोजता येणारे, म्हणून 'मोस्ट ऑफ द वर्क इज पेंडिंग' आणि 'मोस्ट ऑफ हिज वर्क्स आर इन द म्युझियम' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत.

कोपरीकर

हे वर्गात लगेच करण्याजोगे आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की कार्डाच्या मागच्या बाजूला तेच नाम 'सम ऑफ द' किंवा 'वन ऑफ द' यांच्यापुढे ठेवून एक पूर्ण वाक्य लिहावे. 'यू' असलेल्या नामापुढे 'वन ऑफ द' बसतच नाही, हे लिहितानाच लक्षात येते. 'वन ऑफ द फर्निचर' लिहून पाहिले की मुलगा स्वतःच थांबतो आणि 'पीसेस' शोधायला लागतो.

'ऑल' विषयी एक राहिले. एकटा 'ऑल' माणसांसाठी आला तर अनेकवचनी आणि एकूण परिस्थितीसाठी आला तर एकवचनी : 'ऑल आर वेल', 'ऑल इज वेल'. सगळे बरे आहेत, सगळे ठीक आहे. येथे मराठीचे बोट धरून निर्धास्त चालावे.

पाव_गुण

शेवटचा प्रश्न, तो प्रत्येक सराव परीक्षेत येतो. 'ही इज वन ऑफ दोज ऑफिसर्स हू कम लेट' यात 'कम' की 'कम्स'? वर सांगितल्याप्रमाणे 'ऑफ' पासून पुढचे सामान्यरूप मानून बाद केले तर 'वन' उरतो आणि 'कम्स' येते. उत्तरसूचीत 'कम' दिले आहे.

शंकासुर

उत्तरसूची बरोबर आहे. या वाक्यात दोन क्रियापदे आहेत आणि दोघांचे कर्ते वेगळे आहेत. 'इज' चा कर्ता 'ही', त्याबद्दल वाद नाही. 'हू' हा मात्र त्याच्या लगतच्या 'ऑफिसर्स' बद्दल बोलतो. मराठीत वाक्य फोडून लिहा : जे अधिकारी उशिरा येतात, त्यांपैकी तो एक. 'येतात' चा कर्ता 'जे अधिकारी' हा आपल्या स्वतःच्या उपवाक्यात प्रथमेतच बसला आहे आणि 'त्यांपैकी' हे सामान्यरूप मुख्य वाक्यात गेले आहे.

जुना_मास्तर

आणि त्याच वाक्यात 'द ओन्ली वन' आले तर फिरवावे लागते. 'ही इज द ओन्ली वन ऑफ द ऑफिसर्स हू कम्स लेट' म्हणजे त्या अधिकाऱ्यांपैकी उशिरा येणारा तो एकटाच. बाकीचे वेळेवर येतात. येथे 'हू' 'वन' बद्दल बोलतो, म्हणून 'कम्स'. सराव परीक्षांत ही दोन्ही वाक्ये मुद्दाम पाठोपाठ देतात. 'ओन्ली' कडे लक्ष ठेवा, मग त्या दोन प्रश्नांत पाव गुण जाणार नाही.